मानव विकासाची पदवी: स्पेशलायझेशन आणि प्रमाणपत्रं कोणत्या क्रमाने निवडावीत

मानव विकास या विषयाचा पसारा गर्भावस्थेपासून थेट वार्धक्यापर्यंत. हीच त्याची श्रीमंती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोचल्यावर हीच अडचण. बालविकास थोडा येतो, कुटुंबशास्त्र थोडं, समुपदेशनाची तोंडओळख असते, संशोधनपद्धतीचा एक पेपर झालेला असतो; पण ‘तुम्हाला नेमकं काय करता येतं?’ असं कुणी विचारलं तर एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मग कुणी सुचवला म्हणून एक ऑनलाइन कोर्स, मैत्रिणीने केला म्हणून दुसरा, असं करत फाइल जाड होते आणि मुलाखतीत तिच्यातला एकही कागद कामाला येत नाही.

हे टाळता येतं. त्यासाठी निवडीचा क्रम बदलावा लागतो. आधी काम ठरवायचं, मग त्या कामाला कायद्याने काय लागतं ते बघायचं, त्यावरून स्पेशलायझेशन आणि विषय निवडायचे, आणि प्रमाणपत्राकडे सगळ्यात शेवटी वळायचं. बहुतेक विद्यार्थी याच्या बरोबर उलट जातात, कारण प्रमाणपत्रांच्या जाहिराती रोज डोळ्यासमोर येतात आणि कायद्याची जाहिरात कुणी करत नाही.

पहिली पायरी: वय नाही, क्रियापद निवडा

स्पेशलायझेशन निवडताना पहिला प्रश्न सहसा वयोगटाचा येतो: लहान मुलं, किशोरवयीन, कुटुंब की ज्येष्ठ? प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. ‘मला लहान मुलं आवडतात’ या वाक्यावरून करिअर ठरत नाही. त्या मुलांसाठी तुम्ही दिवसभर काय करणार, यावरून ठरतं.

एक उदाहरण जवळून पाहू. चार वर्षांचं एक मूल आहे आणि ते अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. बालवाडीची शिक्षिका त्याला गटात सामावून घेते, गोष्ट सांगताना चित्रं दाखवते, त्याला खुणेने का होईना उत्तर देता यावं म्हणून वेळ देते, आणि काय दिसलं ते लिहून ठेवते. मूल्यमापन करणारी व्यक्ती प्रमाणित चाचणी घेते, ऐकू नीट येतं का याची तपासणी झाली आहे की नाही ते विचारते आणि अहवाल लिहिते. थेरपिस्ट आठवड्यातून ठरावीक वेळा त्याच्याबरोबर बसून बोलण्यावर काम करते. कुटुंबाबरोबर काम करणारी कार्यकर्ती घरी जाते. आई दिवसभर त्याच्याशी कधी आणि कसं बोलते ते पाहते, आजीची समजूत घालते, पालकांना योग्य सेवेपर्यंत पोचवते. प्रकल्प अधिकारी अशी शंभर मुलं वेळेत कशी सापडतील याची व्यवस्था लावते. संशोधक विचारतो, की या भागात अशी मुलं उशिरा का लक्षात येतात.

मूल एकच, वय एकच, पण ही सहा वेगळी कामं आहेत. शिकवणं, मूल्यमापन, उपचार, कुटुंबाला मार्गदर्शन, व्यवस्थापन, संशोधन. यांपैकी मूल्यमापन आणि उपचार या दोन कामांना बहुतेक ठिकाणी मानव विकासाची नुसती पदवी पुरत नाही. बाकीच्या कामांत तिला चांगली किंमत आहे. हा फरक पहिल्या वर्षातच समजला तर पुढचे निर्णय फार सोपे होतात.

यांतलं आपलं क्रियापद, म्हणजे आपलं रोजचं काम, कोणतं हे घरी बसून कळत नाही. किमान दोन प्रकारच्या ठिकाणी जाऊन एकेक पूर्ण दिवस कुणाबरोबर तरी राहा. पूर्ण दिवस अशासाठी, की तासाभराच्या भेटीत कामाचा रंजक भाग तेवढा दिसतो. अहवाल लिहिणं, फोनवर पाठपुरावा करणं, रडणाऱ्या पालकासमोर शांत बसणं हे दुपारनंतर दिसतं. आणि तेच तुम्हाला झेपणार आहे का हे पाहायचं असतं.

दुसरी पायरी: चार कागदांमधला फरक ओळखा

या क्षेत्रात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबू. तुमच्या फाइलमध्ये चार प्रकारचे कागद येऊ शकतात.

पदवी विद्यापीठ देतं. तुम्ही विषय शिकलात, परीक्षा दिलीत, एवढं ती सांगते.

कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र एखादी संस्था देते. तुम्ही अमुक तास हजर होतात, कदाचित छोटी परीक्षा दिलीत, असा त्याचा अर्थ. असा कोर्स शिकण्यासाठी उत्तम असू शकतो, पण त्यामुळे कोणतंही काम करण्याचा अधिकार मिळत नाही.

व्यावसायिक प्रमाणन ही तिसरी गोष्ट. ते व्यावसायिकांची संघटना किंवा तिने नेमलेलं स्वतंत्र मंडळ देतं. त्यासाठी पदवी, ठरावीक विषय, देखरेखीखालचे कामाचे तास आणि परीक्षा असं सगळं लागतं. दर काही वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि आचारसंहिता मोडली तर ते काढूनही घेता येतं. एखादं प्रमाणपत्र कधीच काढून घेतलं जाऊ शकत नसेल, तर ते बहुधा दुसऱ्या प्रकारचं आहे असं समजा.

चौथा कागद परवाना किंवा वैधानिक नोंदणी. हा कायद्याने येतो. ज्या कामासाठी तो सक्तीचा आहे ते काम त्याच्याशिवाय करणं बेकायदेशीर असतं, मग तुमच्याकडे बाकीची कितीही प्रमाणपत्रं असोत.

जाहिरातींमध्ये दुसऱ्या प्रकारचा कागद तिसऱ्याच्या किंवा चौथ्याच्या थाटात मिरवला जातो. ‘सर्टिफाइड’ हा शब्द कुणीही छापू शकतं. ‘मॉन्टेसरी’ या शब्दावरही कुणा एका संस्थेची मालकी नाही, त्यामुळे ते नाव लावणारे कोर्स दर्जाने एकमेकांपासून फार लांब असू शकतात. मारिया मॉन्टेसरी यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेली असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल वयोगटानुसार वेगळी पदविका देते: शून्य ते तीन, तीन ते सहा, सहा ते बारा. तीन ते सहाची पदविका असलेल्या व्यक्तीला त्याच बळावर तान्ह्या बाळांच्या वर्गाची प्रशिक्षित शिक्षिका म्हणवून घेता येत नाही. गंभीर प्रमाणनाची ओळख अशीच पटते: ते कशासाठी आहे हे जितकं स्पष्ट सांगतं, तितकंच कशासाठी नाही हेही सांगतं.

तिसरी पायरी: तुम्ही जिथे काम करणार, तिथला कायदा वाचा

परवाना देशाचा असतो, कधीकधी राज्याचा किंवा प्रांताचाही. त्यामुळे ‘या पदवीवर समुपदेशक होता येतं का?’ या प्रश्नाला जगभर चालेल असं उत्तर नाही. काही उदाहरणांवरून किती फरक असतो ते दिसेल.

अमेरिकेत विवाह व कुटुंब थेरपिस्टसाठी सगळ्या ५० राज्यांत परवाना आहे आणि त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं. कुटुंबशास्त्रातली बॅचलर पदवी ही तिथे पोचण्याची पहिली पायरी, पोचल्याचा पुरावा नव्हे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ‘अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर’ हे बिरुद तिथल्या कॉलेज ऑफ अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर्सकडे नोंदणी असल्याशिवाय वापरता येत नाही. ब्रिटनमध्ये ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ हे संरक्षित बिरुद आहे, पण नुसतं ‘सायकॉलॉजिस्ट’ नाही. म्हणजे बिरुदातला एक शब्द बदलला की कायदा बदलतो.

भारतात विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत व्हावी लागते. त्यामागे १९९२चा कायदा आहे. त्या नोंदीसाठी परिषदेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम लागतो, आणि मानव विकासाची पदवी कितीही चांगल्या गुणांची असली तरी तो अभ्यासक्रम तिच्या जागी बसत नाही. २०२१च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने वर्तनविषयक आरोग्याशी निगडित आणखी काही व्यवसाय नियमनाखाली आणले. त्याच्याच अनुषंगाने २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह काही विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम थांबवायला सांगितले. म्हणून विषयाच्या नावाइतकीच शिकण्याची पद्धतही तपासा.

कायदा तुमच्या बाजूनेही असू शकतो, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. भारताच्या २०१५च्या बाल न्याय कायद्यात बालकल्याण समितीच्या सदस्यांसाठी ज्या पदव्या सांगितल्या आहेत, त्यांत बालमानसशास्त्र, कायदा, समाजकार्य यांच्या बरोबरीने मानव विकासाचं नाव आहे. आपल्या पदवीचं नाव कोणकोणत्या कायद्यांत आणि भरती नियमांत छापलेलं आहे, याची यादी प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः करावी. तिथे ‘संबंधित विषय’ एवढंच लिहिलं असेल, तर तुमच्या विभागाचं नाव, मग ते बालविकास असो, कुटुंब अभ्यास असो की गृहविज्ञान, त्यात धरलं जातं का हे लेखी विचारून घ्या. तोंडी ‘हो’ छाननीच्या टेबलावर टिकत नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्र म्हणजे कायमचं आंतरराष्ट्रीय, असं धरून चालू नका. वर्तन विश्लेषकांना, म्हणजे वागण्याचा अभ्यास करून ते बदलायला मदत करणाऱ्या तज्ज्ञांना, प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी मंडळाने, बीएसीबीने, २०२३ पासून मोजक्या देशांतल्या रहिवाशांखेरीज नवे अर्ज घेणं बंद केलं. ज्यांचा अभ्यासक्रम अर्ध्यावर होता त्यांचं पुढचं सगळं नियोजन कोलमडलं.

चौथी पायरी: शाखा आणि तिच्याबरोबर येणारे कागद

बाल्यावस्थेतील शिक्षण ही सगळ्यात रुळलेली वाट. इथे प्रशिक्षणाच्या तासांइतकंच मुलांबरोबर घालवलेल्या तासांना महत्त्व असतं. नमुना म्हणून अमेरिकेतलं सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) हे प्रमाणन बघा: १२० तासांचं औपचारिक शिक्षण, ४८० तास मुलांबरोबर प्रत्यक्ष काम, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. शिक्षणाच्या चौपट काम. तुमच्या देशात हे प्रमाणन चालो वा न चालो, हे प्रमाण लक्षात ठेवा. कोणत्याही बालशिक्षण कोर्सला मोजायला ते चांगलं माप आहे.

रुग्णालयातली मुलं ही शाखा फार थोड्यांना माहीत असते आणि मानव विकासाच्या विद्यार्थ्यांसाठी ती फार जवळची आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला खेळातून तयार करणं, सुई टोचताना त्याचा हात धरून त्याचं लक्ष वळवणं, भावंडांना काय चाललंय ते त्यांच्या वयाला समजेल असं सांगणं, हे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्टचं काम. उत्तर अमेरिकेत त्याच्या प्रमाणनासाठी पदवीबरोबर ठरावीक दहा विषय, प्रमाणित व्यक्तीच्या देखरेखीखाली किमान ६०० तासांची इंटर्नशिप आणि परीक्षा लागते. इंटर्नशिपच्या जागा कमी आणि इच्छुक जास्त, त्यामुळे खरी अडचण परीक्षेची नसून त्या ६०० तासांची आहे. ही वाट धरायची तर त्यासाठी अर्ज कधी सुरू होतात ते दुसऱ्याच वर्षी पाहून ठेवा.

अपंगत्व आणि अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे अडचण लहानपणीच ओळखून केलेली मदत. या शाखेतली तळमळ मला सगळ्यात जास्त भिडते आणि काळजीही इथलीच जास्त वाटते. गरज मोठी आहे, पालक अगतिक असतात, आणि आठवड्याभराच्या कोर्सनंतर ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावणारे लोक त्या अगतिकतेवर जगतात. तुम्हाला या मुलांसाठी खरंच काम करायचं असेल तर दोनपैकी एक ठरवा. एक तर मान्यताप्राप्त विशेष शिक्षण, वाचा-भाषा किंवा तत्सम अभ्यासक्रमाला पदवीनंतर पुन्हा प्रवेश घ्या आणि ती दोन-तीन वर्षं मनापासून द्या. नाहीतर कुटुंब मार्गदर्शन, प्राथमिक तपासणी आणि योग्य ठिकाणी पाठवणं एवढ्याच मर्यादेत काम करा, आणि ती मर्यादा पालकांना पहिल्याच भेटीत सांगा. दुसरं काम कमी दर्जाचं नाही. वेळेवर ओळखलेलं आणि योग्य जागी पोचवलेलं मूल हे फार मोठं काम आहे.

चाचण्यांचंही असंच. बेली किंवा डीएएसआयआय यांसारख्या विकासमापनाच्या चाचण्या हाताळायला स्वतंत्र प्रशिक्षण लागतं. डीएएसआयआय प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या बाळांच्या निरीक्षणांवर उभी केली. अशा चाचणीचा गुण लिहिणं सोपं, पण बाळ झोपाळलेलं होतं की खरोखर जमत नव्हतं हे ओळखायला सरावच लागतो. अनेक प्रकाशक चाचणीसंच विकण्यापूर्वी खरेदीदाराची पात्रता विचारतात. ती अट आधी वाचा, कोर्सचे पैसे नंतर भरा.

कुटुंबजीवन शिक्षण आणि पालक मार्गदर्शन ही या पदवीची हक्काची जागा. अमेरिकेची नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्स १९८५ पासून ‘सर्टिफाइड फॅमिली लाइफ एज्युकेटर’ हे प्रमाणन देते. त्याचा ढाचा दहा विषयक्षेत्रांचा: समाजातलं कुटुंब, कुटुंबातले अंतर्गत संबंध, आयुष्यभराचा विकास, लैंगिकता, परस्परसंबंध, कौटुंबिक संसाधनांचं नियोजन, पालक शिक्षण, कुटुंबविषयक कायदा व धोरण, व्यावसायिक नीती, आणि हे सगळं शिकवण्याची पद्धत. तुम्ही हे प्रमाणन घ्या किंवा घेऊ नका, ही यादी आपल्या गुणपत्रिकेशेजारी ठेवून पाहा. बहुतेकांच्या बाबतीत आठवं आणि दहावं क्षेत्र रिकामं निघतं. कायदा आणि शिकवण्याची पद्धत, ही दोन्ही प्रत्यक्ष कामात रोज लागतात.

वार्धक्याकडे विद्यार्थी कमी वळतात. डिमेन्शिया असलेल्यांची काळजी घेणारी कुटुंबं, ज्येष्ठांच्या निवासी संस्था, दिवसभराची केंद्रं, या सगळ्यांना वाढ-विकासाची समज असलेली माणसं हवी आहेत. मात्र संस्था चालवायची असेल तर कायदा तपासा. अमेरिकेत नर्सिंग होमच्या प्रशासकाला प्रत्येक राज्यात परवाना लागतो.

धोरण आणि संशोधन इथे परवान्याचा प्रश्न येत नाही, पण संख्याशास्त्र टाळून चालत नाही. विकासात्मक मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर १९६५च्या ‘हेड स्टार्ट’ या अमेरिकी कार्यक्रमाच्या आखणीत होते. सिद्धान्त आणि सरकारी योजना एका टेबलावर येऊ शकतात हे त्यांनी दाखवलं. अध्यापनाकडे जाणाऱ्यांनी पात्रता परीक्षेचा अभ्यासक्रम आजच उघडून बघावा. भारतातल्या यूजीसी-नेटमध्ये हा विषय गृहविज्ञानाच्या पेपरात येतो, आणि तिथे आहार, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन हेही सोडवावं लागतं.

पाचवी पायरी: नोकरीच्या जाहिरातींवरून विषय निवडा

तुम्हाला हव्याशा वाटणाऱ्या कामाच्या दहा-पंधरा प्रत्यक्ष जाहिराती गोळा करा. त्यातली ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ ही दोन कलमं वेगवेगळी उतरवून घ्या. जे सगळीकडे ‘आवश्यक’ म्हणून येतं त्यावर वेळ आणि पैसा खर्च करा. ‘प्राधान्य’मध्ये जे वारंवार दिसतं ते इलेक्टिव्हमधून, उन्हाळी कामातून किंवा प्रबंधाच्या विषयातून भागवा. आणि ज्या कोर्सचा एकाही जाहिरातीत उल्लेख नाही, तो केवळ आवड म्हणून करत असाल तरच करा.

इलेक्टिव्ह निवडताना गुण सहज मिळणारा विषय आणि प्रमाणन मंडळाने नावानिशी मागितलेला विषय यांत निवड आली, तर दुसरा घ्या. पदवीनंतर एकच राहिलेला विषय भरून काढायला कधीकधी अख्खं वर्ष जातं.

सहावी पायरी: प्रात्यक्षिकाची वही

प्रात्यक्षिकाचे तास तुम्ही करताच. ते सिद्ध करता येतील अशा रीतीने नोंदवणारे मात्र कमी. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि प्रत्येक दिवसाची एक ओळ लिहा: तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या वयाची किती मुलं किंवा माणसं, तुम्ही स्वतः काय केलं, कुणाच्या देखरेखीखाली. ‘निरीक्षण’ आणि ‘प्रत्यक्ष काम’ हे तास वेगळ्या रकान्यांत लिहा, कारण अनेक मंडळं निरीक्षणाचे तास धरत नाहीत किंवा ठरावीक मर्यादेपर्यंतच धरतात. मुलांची नावं लिहू नका. क्रमांक किंवा आद्याक्षर पुरेसं आहे.

आठवड्याच्या शेवटी पर्यवेक्षकाची सही घ्या, आणि सहीखाली त्यांचं पद, पात्रता आणि नोंदणी क्रमांक असेल तर तोही लिहून घ्या. हे शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. पर्यवेक्षक नोकरी बदलतात, संस्था बंद पडतात, आणि मग शंभर-दोनशे तास खरे असूनही कुठेच मोजले जात नाहीत. सुरुवात करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: ‘माझे तास ज्या प्रमाणनासाठी हवेत, त्यासाठी तुमची सही चालते का?’ चांगला पर्यवेक्षक या प्रश्नाने दुखावत नाही.

सातवी पायरी: पैसे भरण्यापूर्वी

कुठल्याही प्रमाणपत्र-कोर्सच्या समन्वयकाला लेखी विचारा: हे कोण मान्य करतं, आणि त्या मान्य करणाऱ्या संस्थेच्या यादीत तुमचं नाव आम्ही स्वतः कुठे पाहू शकतो? याने मला कोणतं काम करण्याचा अधिकार मिळेल आणि कोणतं नाही? देखरेखीखाली प्रत्यक्ष काम किती तास, आणि ते कोण तपासतं? नूतनीकरणाला काय लागतं? आधी शिकून गेलेल्या दोघांशी बोलता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोलगोल आलं तर पुढचे विचारण्याचीही गरज नाही.

मान्यतेची यादी मंडळाच्याच संकेतस्थळावर पाहा, कोर्सच्या पत्रकात नाही. मान्यता संपूर्ण संस्थेला नसून एखाद्या अभ्यासक्रमाला आणि ठरावीक वर्षांपुरती असू शकते, म्हणून तुमच्या प्रवेशाचं वर्ष त्यात येतं का तेही बघा.

जे शेवटच्या सत्रात आहेत त्यांच्यासाठी

वरचं सगळं वाचून ‘आता उशीर झाला’ असं वाटत असेल, तर आधी आपल्याकडे काय आहे ते मोजा. झालेल्या प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, म्हणजे घटक, तास आणि संदर्भांसह, विभागाकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. गुणपत्रिकेवर फक्त विषयाचं नाव असतं. पुढे कोणत्याही मंडळाला किंवा परदेशी विद्यापीठाला त्या विषयात काय शिकवलं हे दाखवावं लागतं, आणि अभ्यासक्रम बदलल्यावर जुनी प्रत शोधून देणारं कुणी उरत नाही. मग हवं असलेलं प्रमाणन समोर ठेवून कोणते विषय आणि किती तास कमी आहेत ते काढा. एक-दोन विषय कमी असतील तर सुटे क्रेडिट घेऊन भागतं. तास कमी असतील तर पदवीनंतरची पहिली नोकरी पगारापेक्षा पर्यवेक्षकाकडे बघून निवडा. परवान्यासाठी वेगळीच पदवी लागत असेल तर तिच्या प्रवेशाची तारीख आजच काढा, आणि मधल्या काळात त्याच मुलांबरोबर किंवा त्याच कुटुंबांबरोबर मदतनीस म्हणून काम मिळतं का ते विचारून या.